खोपोली स्थानकाची पार्श्वभूमी : बोरघाटाच्या पायथ्याशी सात वर्षे

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरीपर्यंत पुण्याच्या मार्गाला सोबत करते आणि तेथून वेगळी होते. पुण्याचे रूळ डोंगराच्या अंगाला लागून चढू लागतात. खोपोलीचे रूळ खालच्या सपाटीवरूनच केळवली, डोलवली आणि लौजी ही छोटी स्थानके घेत बोरघाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबतात. नकाशावर कर्जत ते खोपोली ही अवघ्या पंधरा किलोमीटरांची शाखा दिसते, आणि शाखा म्हटली की ती मूळ मार्गाला मागाहून फुटलेली असणार, असे पाहणाऱ्याला साहजिकच वाटते. येथे क्रम नेमका उलटा आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे १२ मे १८५६ रोजी आधी खोपोलीला पोहोचली. पळसदरीहून घाट चढणारा आजचा मुख्य मार्ग त्यानंतर सात वर्षांनी, १८६३ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. त्या सात वर्षांत खोपोली हे मुंबईकडून पुण्याच्या दिशेने येणाऱ्या रेल्वेचे शेवटचे स्थानक होते, आणि त्यांपैकी जवळजवळ पाच वर्षे कोकणातला लोहमार्ग आणि दख्खनमधला लोहमार्ग यांना जोडण्याचे काम या गावाने व त्याच्या डोक्यावरच्या घाटाने केले. बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासाची हकिगत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. खोपोलीची हकिगत त्या मानाने फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मुंबई–पुणे रेल्वेचा इतिहास पुरा होत नाही.

रेल्वे येण्यापूर्वीही खोपोली हे वाटेवरचे गाव होते. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खाडीतून होडीने पनवेलला उतरे, तेथून चौक व खालापूरच्या बाजूने खोपोलीला येई आणि बोरघाट चढून खंडाळ्याला पोहोचे. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर माणसांना आणि जनावरांना विसावा व पाणी लागते, आणि ते येथे मिळत असे. नाना फडणवीस यांनी खोपोलीत बांधीव तलाव आणि महादेवाचे मंदिर उभारले, ते याच वाटेवर; वीरेश्वराचे हे देवालय आणि त्याच्या शेजारचा तलाव आजही गावाची ओळख आहे. उत्तर पेशवाईत या वाटेचे महत्त्व लष्करीही होते. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून आली, ती पनवेलला उतरून याच घाटाने वर गेली. तोफा वर नेण्यासाठी रस्ता करत करत तिला घाटमाथा गाठायला कित्येक आठवडे लागले, आणि पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला शरणागतीचा तह करावा लागला. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्ली यांनी हा घाट तोफांच्या गाड्या जातील इतपत दुरुस्त करून घेतला. खऱ्या अर्थाने चाकाची वाहने चालतील असा रस्ता झाला तो १८३० मध्ये. त्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. तोपर्यंत दख्खनचा माल बैलांच्या पाठीवर लादून खाली येत असे. आता गाड्या थेट पनवेलच्या बंदरापर्यंत येऊ लागल्या. पुढे रेल्वेच्या वेळी खोपोलीने जी कामगिरी बजावली, तिचा पाया या रस्त्याने घातला होता, हे लक्षात ठेवायला हवे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची रीतसर स्थापना १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झाली. भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली होती. जेम्स जॉन बर्कले हे कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत गेला. कल्याणला त्याचे दोन फाटे झाले : एक ईशान्येला थळघाटाकडे, दुसरा आग्नेयेला बोरघाटाकडे. कंपनीच्या स्थापनेमागची सगळी व्यापारी आकांक्षा या दोन घाटांच्या पलीकडे होती. वऱ्हाड, खानदेश आणि दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरावर आणायचा, तर सह्याद्री ओलांडल्याखेरीज गत्यंतर नव्हते. कोकणातल्या चिंचोळ्या पट्टीत चालणाऱ्या रेल्वेला एवढी वाहतूक मिळण्यासारखी नव्हती. कल्याणहून बदलापूर, नेरळ, कर्जत असा उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाणारा मार्ग बांधायला फार अवघड नव्हता, आणि म्हणून तो लवकर पुरा झाला. कर्जतच्या पुढे पळसदरी सोडून सपाटी संपेपर्यंत रूळ नेले, तेव्हा ते खोपोलीला येऊन थांबले. इंग्रजी कागदपत्रांत या स्थानकाचे नाव ‘कॅम्पूली’ असे लिहिलेले सापडते, त्यामुळे जुने अहवाल चाळणाऱ्याच्या नजरेतून खोपोली अनेकदा निसटते.

रूळ खोपोलीपर्यंत आले, तर घाटही खोपोलीहूनच का चढवला नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर डोंगराच्या आकारात आहे. खोपोली हे तीन बाजूंनी डोंगराने वेढलेल्या खोऱ्याच्या टोकाला आहे, आणि तेथून घाटमाथा जवळपास उभ्या भिंतीसारखा वर उठतो. बैलगाडीचा रस्ता वळणे घेत, थांबत थांबत ही उंची चढू शकतो. वाफेच्या इंजिनाला ते जमत नाही, कारण लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातली पकड ठरावीक उतारापलीकडे पुरत नाही. बर्कले यांनी घाटासाठी निश्चित केलेल्या मार्गात सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा होता, आणि तोही त्या काळी अत्यंत धाडसाचा मानला गेला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फूट चढायचे आणि सरासरी चढ ४६ फुटांना १ फूट इतका राखायचा, तर चढणीची लांबी जवळजवळ १६ मैल भरते. एवढी लांबी मिळवण्यासाठी डोंगराला बऱ्याच अलीकडून भिडणे भाग होते, म्हणजे पळसदरीपासूनच रूळ सोंडेवर चढवून दरीच्या कडेकडेने माथ्याकडे न्यायचे. खोपोली तेव्हा खाली दरीत राहणार, हे उघड होते. घाटाच्या कामाला १८५६ च्या जानेवारीत सुरुवात झाली आणि खोपोलीपर्यंतचा मार्ग त्याच वर्षीच्या मे महिन्यात खुला झाला. म्हणजे स्थानकात पहिली गाडी आली, तेव्हा त्याला टाळून वर जाणाऱ्या मार्गाचे खोदकाम चार महिन्यांपासून चालू होते. खोपोली हे मुख्य मार्गाचे टोक काही वर्षांपुरतेच असणार, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे.

तरीही ही काही वर्षे वाया घालवायची नव्हती. घाटाचे काम दीर्घकाळ चालणार हे दिसत असल्यामुळे कंपनीने माथ्यावरचा सपाट भाग आधी पुरा करून घेतला, आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे ही वाहतूक सुरू झाली. या टप्प्याचे रूळ, डबे आणि इंजिने वर कशी गेली असतील, याचा विचार केला म्हणजे त्या खटाटोपाची कल्पना येते. पुण्याला दुसऱ्या कोणत्याही बाजूने रेल्वे आलेली नव्हती. जे काही लोखंड वरच्या मार्गाला लागले, ते घाटरस्त्यानेच चढवावे लागले.

त्या दिवसापासून मुंबई–पुणे प्रवासाचे तीन भाग झाले. मुंबईहून गाडीने निघालेला प्रवासी सुमारे ११५ किलोमीटरांचा प्रवास करून खोपोलीच्या स्थानकात उतरे. तेथे आपले बोचके, पेटी, वळकटी सांभाळत त्याला घाटासाठी वाहन पाहावे लागे. ऐपतदार माणूस पालखी घेई, कोणी तट्टू भाड्याने घेई, कोणी बैलगाडीत बसे. ज्याच्याजवळ यांपैकी कशाचेही पैसे नसतील, त्याला पायीच चढावे लागे. सुमारे ५०० मीटरांची ही चढण पार करून तो खंडाळ्याला आला की तेथे पुण्याची गाडी. पुण्याहून येणाऱ्याला हाच क्रम उलट. आज मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला मध्ये कोठेही जागचे हलावे लागत नाही, त्यामुळे एकाच प्रवासात दोन आगगाड्या आणि मध्ये भोयांच्या खांद्यावरची पालखी हे दृश्य आपल्याला चमत्कारिक वाटते. त्या वेळच्या माणसाला त्यात मोठा लाभ दिसला असणार. होडीने पनवेल गाठून, तेथून खोपोली आणि खंडाळ्याहून पुणे अशा सगळ्या मजला रस्त्याने करण्यापेक्षा फक्त घाटापुरते कष्ट उरले, हे थोडे नव्हते.

प्रवाशांपेक्षा मालाची बाजू अधिक महत्त्वाची होती, आणि खोपोलीचे खरे मोल तेथे कळते. घाट अपुरा असतानाच कंपनीने पुण्याच्या पुढचे रूळ झपाट्याने टाकले. १५ डिसेंबर १८५८ रोजी मार्ग पुण्याहून दिकसळपर्यंत, ऑक्टोबर १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, जानेवारी १८६० मध्ये मोहोळपर्यंत आणि ६ जून १८६० रोजी सोलापूरपर्यंत गेला. म्हणजे १८६० च्या पावसाळ्यापासून अशी स्थिती होती की, सोलापूरला डब्यात भरलेला माल खंडाळ्यापर्यंत विनासायास येई, तेथे सगळा उतरवावा लागे, गाड्यांवर लादून घाटातून खाली आणावा लागे, आणि खोपोलीला पुन्हा डब्यांत भरावा लागे. तीनशे किलोमीटरांहून लांब असा दख्खनचा लोहमार्ग मुंबईच्या बंदराशी जोडलेला होता तो या काही मैलांच्या बैलगाडीच्या रस्त्याने. शंभर वॅगनी धावू शकतील अशा मार्गाची क्षमता शेवटी घाटातल्या बैलांवर येऊन ठरत होती. त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथल्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईतून निघणाऱ्या कापसाला कधी नव्हे एवढी मागणी आली. घाट लवकर पुरा व्हावा अशी घाई व्यापाऱ्यांना का झाली होती, हे यावरून समजते. खोपोलीचे स्थानक त्या काळात केवळ एका खेड्याचे स्थानक उरले नव्हते. घाटावरून उतरणारा आणि घाटावर चढणारा सगळा माल तेथे हात बदलत होता.

पावसाळ्यात हे सगळे किती कठीण होत असेल, ते बोरघाटात जुलैमध्ये उभे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. खंडाळा–लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. धुके इतके दाट उतरते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, कड्यांवरून धबधबे रस्त्यावर येतात, आणि दरडी कोसळण्याचे भय सतत असते.

खोपोलीच्या स्थानकात त्या वर्षांत आणखी एक वर्दळ होती, ती घाटाच्या कामाची. हे काम विल्यम फेव्हिएल या कंत्राटदाराने घेतले होते. ताशीव कड्यांवर पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा वरून दोर सोडून माणसांना खाली लोंबकळत ठेवले जाई आणि ती तशा अवस्थेत पहारीने खडकात भोके पाडत. त्यांत दारू ठासून सुरुंग उडवला जाई. यंत्राने चालणारी छिद्रके तेथे नव्हती. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट माणसाच्या मनगटाने फोडला गेला. दख्खन, कोकण आणि त्याहून दूरच्या मुलखांतून मजूर आले, त्यांच्याबरोबर बायकामुले आली, आणि दगड फोडण्याइतकेच खडी-माती वाहण्याचे कामही सगळ्या कुटुंबाने केले. १८६१ मध्ये कामावरच्या माणसांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. तेव्हा कल्याणपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही गावाची वस्ती याच्या जवळपासही नसेल.

या माणसांचे हाल झाले. डोंगरात धड निवारा नव्हता, पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती, आणि पटकीच्या साथींनी मजुरांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. मजुरी वेळेवर मिळत नसे. मुख्य कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार आणि त्याखाली मुकादम अशा उतरंडीतून पैसा खाली झिरपेपर्यंत त्यातला बराच मध्येच मुरे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून असंतोष भडकला, हजारो मजूर युरोपीय देखरेखवाल्यांवर चालून गेले, त्यात एक युरोपीय मारला गेला आणि कित्येक जखमी झाले. सरकारला चौकशी करणे भाग पडले. या प्रकाराला जुन्या लिखाणात दंगा म्हटलेले आहे. मला त्यात आपल्या घामाचे पैसे मागणाऱ्या माणसांचा, दुसरा मार्ग न उरल्यामुळे झालेला उठाव दिसतो. या देशातल्या रेल्वेमजुरांच्या लढ्यांचा इतिहास लिहिताना त्याची नोंद अगदी आरंभी यायला हवी.

फेव्हिएल यांनी मार्च १८५९ मध्ये कंत्राट सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनी काम पुढे रेटले, आणि मग सॉलोमन ट्रेडवेल या इंग्लंडमधल्या नामांकित कंत्राटदाराकडे ते सोपवण्यात आले. ट्रेडवेल १८५९ च्या अखेरीस पत्नीसह येथे आले आणि काही आठवड्यांच्या आतच आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मायदेशी परतण्याऐवजी नवऱ्याचे कंत्राट आपल्या नावावर घेतले. स्वेन्सन ॲडम्सन आणि जॉर्ज क्लाउझर या दोन अभियंत्यांवर प्रत्यक्ष बांधकामाची जबाबदारी सोपवून त्यांनी ते तडीस नेले. त्या शतकात एका स्त्रीच्या कंत्राटाखाली एवढे मोठे रेल्वेचे काम झाल्याचे उदाहरण दुर्मीळच म्हटले पाहिजे. ज्यांनी मार्ग आखला ते बर्कले प्रकृती बिघडल्यामुळे इंग्लंडला परतले होते. २५ ऑगस्ट १८६२ रोजी, घाट पुरा होण्याच्या आठ महिने आधी, त्यांचे निधन झाले.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खंडाळ्याला घाटमार्गाचे उद्घाटन झाले आणि १४ मे १८६३ पासून पळसदरी ते खंडाळा वाहतूक सुरू झाली. १५ मैल ६८ साखळ्या (८० साखळ्यांचा एक मैल) एवढ्या लांबीत पंचवीस बोगदे आणि आठ उंच कमानींचे पूल होते. मार्गाच्या मध्यावर एका अरुंद सोंडेवर गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून तिची दिशा बदलावी लागे, कारण वळण घेण्याइतकी जागाच डोंगराने ठेवलेली नव्हती. हे रिव्हर्सिंग स्टेशन १८३० च्या रस्त्यावरच्या त्या जुन्या पुलाजवळ होते, ज्याला पुढे सगळे अमृतांजन पूल म्हणू लागले आणि जो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. १९२९ मध्ये विद्युतीकरणाच्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सरळ करण्यात आला आणि गाडी उलटी फिरवण्याची गरज संपली.

घाटातून पहिली गाडी वर गेली आणि खोपोलीचे काम एका दिवसात बदलले. मुंबई–पुणे प्रवाशाला तेथे उतरण्याचे कारण उरले नाही. पालखीवाले, तट्टूवाले, गाडीवान आणि हमाल यांच्या पोटापाण्याचे पुढे काय झाले, ते कोणत्याही अहवालाने लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही. कंपनीला जे मोजता येत होते, ते तिने मोजले : चौदा–पंधरा वर्षांच्या आखणीनंतर दख्खनचा माल अखेर एकदाही न उतरवता बंदरात येऊ लागला होता.

या ठिकाणी थळघाटाच्या पायथ्याच्या कसाऱ्याशी तुलना केली म्हणजे खोपोलीच्या वाट्याला काय आले, ते अधिक स्पष्ट होते. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १ जानेवारी १८६१ रोजी आली आणि तेथून इगतपुरीपर्यंतचा घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. म्हणजे कसारासुद्धा चार वर्षे घाटाच्या पायथ्याचे शेवटचे स्थानक होते. परंतु थळघाटाची चढण कसाऱ्यापासूनच सुरू होत असल्यामुळे घाट झाल्यावर कसारा मुख्य मार्गावरच राहिले. घाटासाठी जादा इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून त्याचे महत्त्व उलट वाढले. बोरघाटाच्या बाजूला हा मान कर्जतला मिळाला. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून रेटा देणारी इंजिने, ज्यांना रेल्वेत बँकर म्हणतात, ती कर्जतला लागू लागली, गाड्या तेथे थांबू लागल्या, आणि गाव त्या थांब्याभोवती वाढले. खोपोली कर्जतहून पंधरा किलोमीटर पुढे, डोंगराच्या अधिक जवळ, आणि तरीही बाजूला पडली. डोंगराच्या सोंडेची दिशा निराळी असती तर दोन गावांचे नशीब कदाचित उलटसुलट झाले असते.

एवढे झाल्यावर पळसदरी ते खोपोलीचे रूळ उखडून दुसरीकडे वापरणे कंपनीला अवघड नव्हते. ते उखडले गेले नाहीत. मुख्य मार्गाचा तुकडा शाखा म्हणून टिकला, आणि कमी वर्दळीची का होईना, रेल्वे गावाला लाभली. त्या निर्णयाचा उपयोग विसाव्या शतकात झाला, आणि तोही पुन्हा घाटाच्या उंचीमुळेच. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी साठवायचे आणि ते नळांतून खोपोलीला खाली सोडून त्यावर वीज निर्माण करायची, ही जमशेटजी टाटा यांच्या काळापासूनची योजना त्यांच्या पश्चात प्रत्यक्षात आली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला तिची पायाभरणी झाली, आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. सुमारे ५०० मीटरांचा जो कडा चढवून रेल्वेला वर नेता आले नाही, त्याच कड्यावरून पडणाऱ्या पाण्याने खोपोलीला दुसऱ्यांदा मुंबईच्या अर्थव्यवहारात आणून बसवले. रेल्वेने दख्खनचा कापूस मुंबईला नेला होता, आणि आता त्या कापसाचे कापड विणणारे माग खोपोलीच्या विजेवर चालू लागले. एका छोट्या गावाच्या इतिहासात हा योग विलक्षण आहे, असे मला मनापासून वाटते. स्वातंत्र्यानंतर या भागात पोलाद, लोखंडी नळ्या, कागद आणि रसायने यांचे कारखाने आले, कामगारांच्या वस्त्या वाढल्या, नगरपालिका झाली, आणि रेल्वेला पुन्हा रोजचा प्रवासी मिळाला.

आजचा प्रवासी तीन प्रकारचा आहे. पहिला नोकरदार आणि विद्यार्थी, जो कर्जत, बदलापूर, कल्याण किंवा थेट मुंबईपर्यंत जा-ये करतो. दुसरा भाविक. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीपासून जवळ आहे. ते मंदिर १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणारेही अनेक जण खोपोलीला उतरून पुढे एसटी धरतात, आणि गगनगिरी महाराजांच्या आश्रमात येणाऱ्यांची गर्दी वेगळीच. तिसरा पावसाळ्यात धबधबे पाहायला येणारा. या सगळ्यांसाठी खोपोली हे उपनगरी रेल्वेचे एक टोक आहे. मुंबईच्या लोकलच्या पाटीवर ‘खोपोली’ ही अक्षरे दिसतात, परंतु मार्ग कर्जतपुढे एकेरी असल्यामुळे गाड्या मोजक्याच, आणि एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ ताटकळावे लागते.

१८५६ चे स्थानक म्हणून खोपोलीकडे पाहिले जात नाही, याची खंत वाटते. मुंबई ते ठाणे आणि ठाणे ते कल्याण यांच्यानंतर रेल्वे पोहोचलेल्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या काही स्थानकांत त्याची गणना होते. पुण्याला रेल्वे आली तेव्हा खोपोलीचे स्थानक दोन वर्षांचे झाले होते. घाटाच्या कामावर खपलेल्या हजारो माणसांतल्या एकाचेही नाव घाटात कोरलेले आढळत नाही, अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे तेवढी ग्रंथांत राहिली. त्या मजुरांची आठवण जपायची, तर तिला खोपोलीइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण दख्खनच्या रेल्वेचे ओझे जवळजवळ पाच वर्षे जेथे माणसांनी आणि बैलांनी वाहिले, ती जागा ही आहे. स्थानकात त्या काळाचा एक नकाशा आणि चार परिच्छेदांची माहिती लावायला फार खर्च येणार नाही.

१८६३ मध्ये ठरलेली व्यवस्था अजून बदललेली नाही. खोपोलीच्या माणसाला रेल्वेने पुण्याला जायचे, तर त्याला आधी पुण्याकडे पाठ करून कर्जतला जावे लागते, तेथे गाडी बदलावी लागते, आणि मग ती दुसरी गाडी त्याला पळसदरीवरून घाटात चढवते. हा द्राविडी प्राणायाम कोणी सहसा करत नाही. खोपोलीकर एसटीत किंवा मिळेल त्या वाहनात बसून घाटाच्या रस्त्याने लोणावळ्याला जातो आणि तेथून पुण्याची लोकल पकडतो.